मुलाचं बुबुळ अचानक पांढरं झालं तर: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरमध्ये लहान मुलांचे डोळे तपासते. इथल्या मराठी घरांत एक गोष्ट नेहमी घडते. दवाखान्यात बोलणं हिंदीत होतं, हातात कागद इंग्रजीत पडतो आणि घरी पोचल्यावर आजी मराठीत विचारते, "अगं, पण झालंय काय त्याच्या डोळ्याला?" तिथे आई अडखळते. ज्या मुलांच्या डोळ्यांत जन्मापासून दोष आहे आणि एक दिवस अचानक बुबुळ सुजून पांढरं झालं, त्यांच्या घरच्यांनी मला विचारलेले हे प्रश्न आहेत. तुमच्या मुलाचा डोळा मी पाहिलेला नाही, म्हणून कोणता थेंब किती वेळा घालायचा हे इथे शोधू नका. ते त्याला तपासणारे डॉक्टरच सांगतील.

काल रात्री झोपेपर्यंत डोळा नेहमीसारखा होता. सकाळी उठला तर बुबुळावर निळसर-पांढरं धुकं. एका रात्रीत असं कसं होतं?

बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा, ज्याला आम्ही कॉर्निया म्हणतो, तो मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि आतले तंतू अगदी सारख्या अंतरावर रचलेले असतात, म्हणून त्यातून आरपार दिसतं. या पडद्याच्या मागे डोळ्यातलं पाणी सतत खेळत असतं. ते पाणी आत शिरू नये म्हणून मागच्या बाजूला एक पातळ, चिवट पापुद्रा आणि त्यावर पेशींचा एकच थर असतो. या पेशी दिवसरात्र पंपासारखं काम करतात आणि आत मुरलेलं पाणी बाहेर काढत राहतात.

पापुद्रा फाटला, पंप थकला किंवा मागून पाण्याचा दाब फार वाढला, की पाणी पडद्यात शिरतं. तंतूंची अंतरं बिघडतात, प्रकाश विखुरतो आणि काच दुधी दिसू लागते. पापुद्रा फाटला असेल तर हे काही तासांत होतं. तुम्हाला काल काही दिसलं नाही, यात तुमची चूक नाही.

किती घाई करायची? सोमवारी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची वेळ घेतलेलीच आहे.

सोमवारची वाट पाहू नका. त्याच दिवशी दाखवा. रविवार असो, सण असो.

डोळ्याच्या आजारांत थांबता येतं असे पुष्कळ आहेत, हा त्यातला नाही. त्याचं कारण सांगते, कारण या सगळ्या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं तेच आहे. दाब वाढून आलेली सूज, पापुद्रा फाटून आलेली सूज, डोळ्यातलं भिंग पुढे सरकून आलेली सूज आणि जंतुसंसर्गाने आलेला पांढरेपणा ही चारही दुखणी घरच्या उजेडात सारखीच दिसतात. उपचार मात्र चौघांचे वेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं. आतला दाब चढलेला असेल तर डोळ्यामागची नजरेची नस दर दिवशी थोडी मरते. बुबुळाची सूज उतरते. मेलेली नस परत येत नाही.

मूल उलट्या करत असेल, डोळा गच्च मिटून कळवळत असेल, डोळ्यातून एकदम कोमट पाणी वाहिलं असेल किंवा बाहुली वेडीवाकडी दिसत असेल, तर रात्री दोन वाजताही निघा. डोळ्यावर दाब पडेल अशी पट्टी बांधू नका. झोळीत किंवा खांद्यावर घेताना तो डोळा तुमच्या अंगावर घासणार नाही एवढं बघा. आणि निघताना दवाखान्यात फोन करून विचारा, की मुलाला खायला द्यायचं का. भूल देऊन तपासायची वेळ आली तर साधारणपणे दूध-अन्नानंतर 6 तास, आईच्या दुधानंतर 4 तास आणि साध्या पाण्यानंतर 2 तास थांबावं लागतं. शेवटचं काय, किती वाजता पोटात गेलं, हे लिहून न्या.

पण आमच्याच मुलाला का? शेजारच्या मुलांना असं कधी होत नाही.

कारण त्याच्या डोळ्याची घडणच नाजूक आहे. जन्मजात काचबिंदूत दाबामुळे बाळाचा डोळा फुग्यासारखा ताणला जातो. नवजात बाळाचं बुबुळ साधारण 10 मिलिमीटर रुंद असतं; पहिल्या वर्षात ते 12 च्या पुढे गेलं तर आम्हाला शंका येते. "किती टपोरे डोळे आहेत हो!" असं सगळे कौतुकाने म्हणतात, आणि मला मात्र ते ऐकून धस्स होतं. वरचा पडदा ताणला जातो, मागचा पापुद्रा तेवढा ताणला जात नाही, तो फाटतो. अशा फाटण्याच्या जुन्या रेषा पुढे आयुष्यभर दिसतात.

पीटर्सच्या विकृतीत बुबुळाच्या मधोमध मागचा पापुद्रा आणि पेशींचा थर जन्मतःच अपुरा असतो, कधी आतलं भिंग त्याला चिकटलेलं असतं. बुबुळाचा रंगीत पडदाच नसलेली मुलं असतात, तो पडदा बाजूला ओढला गेलेली असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे काचबिंदू होतो. मार्फनसारख्या आजारात भिंगाचे दोरे सैल असतात आणि भिंग पुढे घरंगळून बुबुळाला आतून टेकू शकतं. काही थोड्या मुलांचं बुबुळ जन्मापासून सगळीकडे पातळ असतं आणि डोळ्याचा पांढरा भाग निळसर दिसतो. त्यांच्या बाबतीत तर क्रिकेटचा टेनिस बॉलही डोळा फोडू शकतो.

तुमच्या मुलाचा दोष यातला नेमका कोणता, त्याचं नाव तुम्हाला पाठ हवं. रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरला "लहानपणापासून प्रॉब्लेम आहे" एवढं सांगून त्याचा अर्धा तास वाया जातो.

आमच्या सासूबाई म्हणतात फूल पडलंय, आता ते जायचं नाही. खरं का?

फूल म्हणजे जखम भरल्यावर राहिलेला व्रण. सूज म्हणजे मुरलेलं पाणी. पाणी निघू शकतं, आणि बरेचदा निघतं. सूज उतरल्यावर मागे थोडंसं फूल राहू शकतं, एवढं सासूबाईंचं बरोबर. पण पहिल्याच दिवशी "जायचं नाही" म्हणून हात टेकले, तर मात्र ते नक्की राहील.

तपासताना मुलाला त्रास होतो का?

होतो थोडा, कारण उजेड सहन होत नाही. मी खोलीतले दिवे मंद करते आणि मुलाला आईच्या मांडीवरच ठेवते. मागे चार वर्षांची एक मुलगी आली होती, जन्मजात काचबिंदूचं ऑपरेशन झालेली. तिने आईच्या ओढणीत तोंड खुपसलं होतं, ते काही केल्या वर करेना. शेवटी तिच्या खेळण्यातल्या बाहुलीच्या डोळ्यात आधी एक थेंब घातला, मग तिने मान वर केली. पिवळ्या रंगाचा तो थेंब घालून निळ्या उजेडात पाहिलं, की कुठे छिद्र असेल तर पिवळ्यात एक काळसर धार वाहताना दिसते. तिच्यात धार नव्हती. बुबुळाच्या मधोमध फुगवटा होता, नेहमीच्या दुप्पट तरी जाड. त्या क्षणी मी सुटकेचा श्वास टाकला, कारण डोळा फुटलेला नव्हता.

मग दाब मोजतो. आता बिनाथेंबाचं, क्षणभर टेकवायचं यंत्र आहे, मुलं ते सहन करतात. पण सुजलेल्या बुबुळावर आकडा दगा देतो. सूज मऊ असते, त्यामुळे दाब असतो त्यापेक्षा कमी दिसू शकतो. म्हणून "दाब तर 16 आला, नॉर्मल आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. दुसऱ्या डोळ्याचा दाब, बोटाला लागणारा कडकपणा, सोनोग्राफी आणि जुन्या फाईलमधले आकडे असं सगळं मिळून निर्णय होतो. मूल फारच लहान असेल तर थोडी भूल देऊन एकदाच सगळं नीट बघणं, हेच त्याच्यासाठी दयेचं असतं. चार जणांनी धरून रडवत तपासण्यात काहीच हाती लागत नाही.

उपचार नेमके काय असतात?

कारणावर ठरतं.

दाब वाढला असेल तर आधी तो खाली आणायचा. थेंब, पोटातून औषध, कधी शिरेतून. लहान मुलांच्या काचबिंदूत थेंब हा बहुतेक वेळा ऑपरेशनपर्यंतचा पूल असतो. पाण्याचा अडलेला मार्ग उघडायचं काम शस्त्रक्रियेचंच. आधी एक ऑपरेशन झालेलं असलं तरी मार्ग पुन्हा बंद होऊ शकतो, आणि अचानक आलेली सूज ही त्याची पहिली खूण असू शकते.

पापुद्रा फाटला असेल तर पालकांना सर्वांत जास्त राग येतो, कारण आम्ही "थांबू या" म्हणतो. फाटलेल्या कडांवरून शेजारच्या पेशी हळूहळू सरकत येतात आणि भगदाड झाकतात. याला साधारण दोन ते चार महिने लागतात, फाट मोठी असेल तर जास्त. त्या काळात 5 टक्के मिठाचे थेंब पाणी ओढून घेतात, बाहुली मोठी करणारा थेंब आतली कळ कमी करतो, थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड लागतं, दाब खाली ठेवायचा थेंब लागतो. वरची साल फुटून बोचत असेल तर पट्टीसारखी मऊ लेन्स बसवतात. इथे एक बारीक गोष्ट आहे. दाबाचे काही थेंब त्याच पेशींचा पंप मंद करतात, म्हणून आम्ही थेंब निवडताना वेळ लावतो. फाट मोठी असेल आणि सूज हटत नसेल, तर डोळ्याच्या पुढच्या भागात हवा किंवा औषधी गॅस भरून पापुद्रा आतून दाबून धरता येतो, सोबत काही टाके घालतात.

भिंग पुढे येऊन टेकलं असेल तर ते मागे न्यायचं किंवा काढायचं. पेशींवर ते घासत राहिलं तर त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, म्हणून इथे थांबायचं नसतं.

जंतुसंसर्ग असेल तर खरवडून नमुना घ्यायचा आणि दर तासाला, रात्रीसुद्धा, थेंब. छिद्र असेल तर औषधी गोंदाने किंवा टाक्यांनी बुजवायचं.

त्या चार वर्षांच्या मुलीला गॅस लागला नाही. दाब थेंबांनी आवरला, अकराव्या आठवड्यात धुकं कडेपासून मधोमध असं निवळत गेलं. मधे एक पांढरी रेघ राहिली.

मिठाचे थेंब झोंबतात, मूल आकांत करतं. घरी मीठ-पाणी करून सौम्य घातलं तर?

नको, अजिबात नको. ते निर्जंतुक नसतं आणि प्रमाणही चुकतं. गुलाबपाणी, मध, आईचं दूध, काजळ, यातलं काहीही नको. झोंबणं थोडं कमी होण्यासाठी दिवसा थेंब आणि रात्री मलम असं विभागता येतं का, ते डॉक्टरांना विचारा. मूल झोपेत असताना खालची पापणी हलकेच ओढून एकच थेंब सोडा आणि नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरा, म्हणजे औषध घशात आणि रक्तात कमी जातं. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटं जाऊ द्या.

घरात मागच्या वेळचे थेंब आहेत. दवाखाना गाठेपर्यंत तेच घालू का?

रोज चालू असलेले काचबिंदूचे थेंब बंद करू नका. बाकी काहीही आपल्या मनाने सुरू करू नका.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. सहा वर्षांचा मुलगा, डोळा पांढरा आणि लाल. औषधाच्या दुकानातून "लाली जाईल" म्हणून थेंब मिळाले, त्यात स्टेरॉइड होतं. आठ दिवस डोळा खरंच बरा वाटला. नवव्या दिवशी माझ्याकडे आला तेव्हा बुबुळात पू होता. जंतुसंसर्गाला स्टेरॉइडने आठ दिवस मोकळं रान मिळालं होतं. माळव्यात उन्हाळ्यात डोळे खाजणारी मुलं पुष्कळ, आणि त्यांच्यासाठी असे थेंब घराघरांत पडून असतात. महिनोन् महिने घातले तर त्यांनीच दाबही वाढतो.

मोठ्यांच्या काचबिंदूचे थेंबही मुलाला घालू नका. ब्रिमोनिडीन दोन वर्षांखालच्या बाळाला दिलं तर बाळ सुस्त पडून श्वास मंदावू शकतो. टिमोलोल दम्याच्या मुलाला धोक्याचं आहे. आजोबांची बाटली आजोबांपुरतीच ठेवा.

गॅस भरला आहे. काय सांभाळायचं?

उताणं झोपवायचं, म्हणजे गॅसचा बुडबुडा वर तरंगून बुबुळाला टेकतो. पाच वर्षांच्या मुलाला छताकडे तोंड करून ठेवणं काय असतं, ते आईलाच ठाऊक. एका घरात आजीने छताला दोऱ्याने पतंग टांगले आणि शेजारी आडवी पडून रोज एका पतंगाची गोष्ट सांगितली. मला वाटतं, त्या ऑपरेशनचं अर्धं यश त्या आजीचं होतं.

गॅस पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास नाही आणि पचमढीसारख्या उंचावर जाणं नाही, कारण वर गेलं की गॅस फुगतो आणि दाब वाढतो. दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला गॅसबद्दल आधी सांगा. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू चालत नाही. डोळा एकदम दुखून उलटी झाली तर लगेच परत या.

एवढं करण्यापेक्षा बुबुळच बदलून टाका ना.

हा प्रश्न बहुतेक वडील विचारतात, आणि त्यामागची तळमळ मला कळते. पण सुजलेल्या, तापलेल्या डोळ्यात नवं बुबुळ टिकणं अवघड. मुलांचं शरीर ते मोठ्यांपेक्षा जोराने नाकारतं, टाके लवकर सैल होतात आणि दर वेळी भूल द्यावी लागते. काचबिंदू असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून बहुतेक वेळा आधी सूज उतरू देतात आणि मग राहिलेल्या व्रणामुळे नजर किती अडते ते बघतात. काही मुलांत बाहुली बाजूला रुंद करून स्वच्छ भागातून पाहता येतं, तेवढ्यावर भागतं. जिथे जन्मतः पेशींचा थरच निकामी आहे, तिथे मात्र प्रत्यारोपण हाच मार्ग असतो, आणि कधी फक्त मागचा थर बदलून चालतं.

नेत्रदानात रक्तगट जुळवावा लागत नाही आणि चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन आड येत नाही. मृत्यूनंतर 6 तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, तेव्हा घरात आधी बोलून ठेवा.

सूज गेली. आता झालं ना?

आता खरं काम सुरू होतं. नजर डोळ्यात असते तितकीच मेंदूत असते, आणि मेंदू ती बालपणात शिकतो, साधारण सात-आठ वर्षांपर्यंत सर्वांत चांगली. तीन महिने एका डोळ्यातून धूसर दिसलं की मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. पुढे बुबुळ स्वच्छ झालं तरी तो डोळा आळशी राहतो. म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज ठरलेले तास पट्टी लावायची आणि दुसऱ्याला कामाला लावायचं. फाटलेल्या पापुद्र्यामुळे वाकडा नंबर येतो, तर चष्मा लागतो.

पट्टी लावली की मूल रडतं, ठेचकाळतं, ओढून काढतं. शेजारीण म्हणते, कशाला छळता पोराला. मी हात जोडून सांगते, या टप्प्यावर सोडू नका. मी अशी मुलं पाहिली आहेत, ज्यांच्या बुबुळासाठी आईबापांनी घर गहाण टाकलं आणि पुढे दोन रुपयांच्या पट्टीचा कंटाळा केला. पट्टीची वेळ आवडत्या कामाला जोडा. मटार सोलणं, रांगोळीचे ठिपके जोडणं, पोह्यातले शेंगदाणे वेचणं. जवळचं, बारीक आणि हाताचं काम सर्वांत चांगलं.

शाळा, खेळ आणि रंगपंचमी?

शाळेत जाऊ द्या, पुढच्या बाकावर. पॉलिकार्बोनेटच्या काचेचा चष्मा नंबर नसला तरी लावा, तो सहजासहजी फुटत नाही. डोळा चोळायची सवय मोडा. खाज असेल तर तिचा इलाज करा.

रंगपंचमीबद्दल मला इंदूरकर म्हणून वाईट वाटतं, पण राजवाड्याच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, या मुलांना नेऊ नका. टँकरच्या पिचकाऱ्यांचा मारा आणि हवेत उडणारा गुलाल नाजूक बुबुळाला सोसणारा नाही. गच्चीवर, चष्मा लावून, ओल्या टिळ्याची रंगपंचमी करा. फटाक्यांना तोच नियम.

मी गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली होती. त्यामुळे झालं का?

नाही. ग्रहणाचा आणि बुबुळाचा काहीही संबंध नाही. हे मी प्रत्येक आईला तिच्या सासरच्या माणसांसमोर मुद्दाम सांगते.

कारणं वेगळी असतात. जन्मजात काचबिंदू पुष्कळदा जनुकांतून येतो. आईवडील दोघांकडे एकेक सदोष प्रत असेल, तर प्रत्येक बाळंतपणात 25 टक्के शक्यता असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे; नात्यातल्या लग्नात एकच सदोष प्रत दोन्हीकडे असायची शक्यता वाढते. पुढच्या मुलाआधी जनुकीय सल्ला घ्या, आणि जन्मल्यावर पहिल्या आठवड्यातच डोळे दाखवा. गरोदरपणी झालेल्या रुबेलानेही डोळे बिघडतात, म्हणून घरातल्या मुलींना गोवर-रुबेलाची लस चुकवू नका.

इंदूरमध्ये कुठे जायचं? खर्च झेपेल का?

सरकारीत एमवाय म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय. आयुष्मान कार्ड असेल तर ते सोबत न्या. अंगणवाडी-शाळांतून तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मजात दोषांसाठी पुढची सोय करून देतो. फार गुंतागुंतीचा डोळा असेल तर आपल्याच राज्यात चित्रकूटचं सद्गुरू नेत्र चिकित्सालय, बाहेर हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, दिल्लीत एम्स आहे. पण पहिल्या दिवशी दाब बघायला आणि छिद्र नाही हे ठरवायला लांब जाऊ नका. ते इथेच होतं.

फाईलमध्ये काय ठेवायचं?

दोषाचं नाव. प्रत्येक ऑपरेशनची तारीख आणि ते कोणत्या डोळ्याचं. आजवरच्या दाबांचे आकडे. औषधांची ॲलर्जी, दमा आहे का. मुलाचं ताजं वजन, कारण औषध वजनावर ठरतं. आणि मोबाइलमध्ये दर महिन्याला खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, दोन्ही डोळ्यांचा एक फोटो. डोळा बिघडतो त्या दिवशी "आधी कसा होता?" हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर मला त्या फोटोत सापडतं.